कोस्ट इज क्लिअर

आमची कंपनी तेव्हा सरहद्दीवरच्या एका डोंगरी चौकीत होती. मी लान्स नायक, वायरलेस ऑपरेटर. रत्नागिरीच्या मच्छीमाराचा मुलगा, इंग्रजी दहावीपुरतं. नवे कॅप्टन वाक्यागणिक इंग्रजी वाक्प्रचार टाकायचे. एकदा हुकूम देताना म्हणाले, "पीस ऑफ केक." म्हणजे सोपं काम. एका जवानाने फॉलइनमध्ये, सगळे रांगेत उभे असताना, अर्थ विचारला.

"गाढवा, हे शाळकरी पोरालाही कळतं."

सगळ्या सेक्शनला रायफल डोक्यावर धरून ग्राउंडच्या दहा फेऱ्या. त्यानंतर आम्ही अर्थ विचारायचं सोडलं. त्या माणसाचं तोंड पाहणंही नको वाटायचं.

त्या दिवशी गस्त सकाळी ०६०० वाजता निघाली. कॅप्टनची तुकडी पुढे, आमचा सेक्शन मागे. सेक्शन कमांडर नायक सदानंद, खेडचा. आमच्यापुढे दोन वाटा होत्या, वरची पायवाट आणि खाली नाल्याचा काठ. कुठून यायचं ते कॅप्टन तपासून कळवणार होते.

०७१० ला सेट बोलला, "कोस्ट इज क्लिअर. मूव्ह. आउट."

"काय म्हणाले?" सदाने विचारलं.

"काठ मोकळा आहे."

"नक्की? परत विचार."

कोस्ट म्हणजे किनारा, एवढं मला येत होतं. सेटचं बटण दाबायला हात गेला. फेऱ्या आठवल्या, ती शिवी आठवली. मी म्हणालो, "नक्की."

आम्ही नाल्यात उतरलो. ०७२५ ला सुरुंग फुटला. सदा माझ्या पुढे होता. ०८१० ला तो गेला.

त्या वाक्याचा अर्थ मला चौकशीत कळला. धोका नाही, बिनधास्त या. कॅप्टन वरच्या वाटेने गेले होते, ती साफ होती. बाहेर येताना ते मला म्हणाले, "तुझ्या अडाणीपणाने माणूस मेला." मी सॅल्यूट केला नाही. त्याची शिक्षा भोगली.

गेल्या वर्षी तेच साहेब, आता रिटायर्ड, कुटुंबासह आमच्याकडे आरे-वारेच्या किनाऱ्यावर फिरायला आले. माझा नंबर मिळवून फोन केला. मी गेलो. त्यांनी हात पुढे केला, मी माझा खिशातच ठेवला.

"अजून मनात आहे?"

"सदाची आई खेडला आहे, साहेब. चला, तिला अर्थ सांगा."

"जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार?" ते गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच एसटीने खेडला गेलो. इतकी वर्षं जात होतो, पण खरं कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी सगळं सांगितलं.

"मग परत विचारलंस का नाय?" आई म्हणाली.

"भ्यालो, आये."

तिने तोंड फिरवलं. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. मी उभाच राहिलो. एक गोष्ट उरली होती, तीही सांगितली. त्या दिवशी पुढे चालायची पाळी माझी होती. नाल्यात शिरताना सदाने मला खांद्याला धरून मागे ओढलं आणि म्हणाला, "सेट तुझ्याकडं हाय. तू मागं रव."