डुफीमॅडमचा बाजार

आफुआ डुफीला वास्तुरचनाकार होऊन सव्वीस वर्षं झाली होती, तरी घानातल्या कुमासी शहरात कुठल्याही साइटवर कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, साहेब कधी येणार?" साहेब आलेत, असं सांगून ती हेल्मेट घालायची आणि शिडी चढू लागायची.

नव्या भाजीबाजाराचं काम मिळालं तेव्हा ती आठ महिने विक्रेत्या बायकांमध्ये जाऊन बसली. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचं पोर कुठे झोपतं, सगळं टिपून घेतलं. टेप लावून त्यांच्या कमरेची उंची मोजली आणि ओटे तेवढेच उंच ठेवले. प्रत्येक ओट्याखाली बाळ निजेल असा हवेशीर कोनाडा काढला. टोमॅटोवाल्यांची पुढारीण बिरागोमावशी तो पारखायला स्वतःच आत शिरली आणि अडकली. चौघींनी ओढून बाहेर काढली.

उद्घाटनाला पडदा सरकला. संगमरवरी पाटीवर, मंत्र्यांच्या नावाखाली, वास्तुरचनाकार म्हणून नाव होतं एको ब्रिफोचं.

एको म्हणजे डुफीच्या ऑफिसातला पन्नाशीचा ड्राफ्ट्समन. एवढा मोठा बाजार बाईने उभारला असेल, हे बाजार समितीतल्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता मानाचं केंटे कापडही त्याच्याच खांद्यावर पडलं. बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला. माईक हाती येताच तो म्हणाला, "मी फक्त रेघा मारल्या. कुठे मारायच्या ते मॅडम सांगायच्या."

बिरागोमावशी मंचावर चढली आणि समितीच्या अध्यक्षांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"साहेब, ही कंबर मोजायला तुमचा हा माणूस आला होता का?"

सगळा बाजार हसत सुटला. एकोने घाईघाईने कापड काढून डुफीच्या खांद्यावर टाकलं. कुणीतरी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला धरून आणलं. त्याने दारावरच्या भिंतीवर, पाटीवरच्या मंत्र्यांच्या नावाच्या दुप्पट मोठ्या, लालभडक अक्षरांत 'आफुआ डुफी' लिहिलं. ढोल सुरू झाले. बायकांनी आनंदाच्या प्रसंगी तिथे उधळतात तशी मूठमूठ पांढरी पावडर तिच्या मानेवर, केसांत उधळली. ती शिंकत, हसत, एका पायातला बूट निसटला तरी नाचत राहिली आणि शेवटी अध्यक्षांनाही ओढून तिने नाचवलं.

तीन महिन्यांनी तिच्या नावाची संगमरवरी पाटी आली. बायकांनी ती मागच्या दाराला लावायला लावली. पुढची लाल अक्षरं त्या कुणाला पुसू देत नाहीत.