बेपत्ता म्हंजे का?

ताज्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास आला की आसगावचं आमचं खळं आठवतं. काका फौजेत होते. धानाची मळणी चालू असताना खळ्याजवळ फौजेची गाडी थांबली आणि मळणीच्या बायांनी हातातलं काम टाकलं. उतरलेल्या साहेबानं टोपी काढून काकूला सांगितलं, "गस्तीवर गेलेली तुकडी परतली, पण तुमचे यजमान बेपत्ता आहेत." काकूनं विचारलं, "बेपत्ता म्हंजे का जी? जिते आहेत का नाही?" शेजारची म्हातारी रडत काकूच्या बांगड्या उतरवायला सरकली, तशी काकू ओरडली, "हात नोको लावू! ते आले तं त्याईले का सांगू?" पुढे कसलीच खबर आली नाही. आज मी तेव्हाच्या काकांपेक्षा वयानं मोठा आहे, आणि काकू अजूनही रात्री दाराला कडी लावू देत नाही.