ताईंनी नाव सांगितलं

"ह्यांच्याकडं चालतं असलं सगळं. आमची संस्था असलं काही शिकवत नाही."

हे आमच्या संस्थेच्या ताई बोलल्या. मंदिराच्या सभामंडपात, खुर्चीवर बसून, हातात चहाचा कप धरून. मी पायरीच्या खाली चपलांपाशी उभी होते. मला कुणी वर ये म्हणालं नव्हतं. पुरुष सतरंजीवर बसलेले, बाया खांबांआड. 'ह्यांच्याकडं' म्हणताना ताईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. नुसता हात हलवला, माशी हाकलतात तसा. तेवढ्यानं सगळ्या गावाला कळलं, कुणाकडं ते.

गाव जालना जिल्ह्यातल्या आष्टीच्या पुढचं आहे. नाव सांगत नाही. मी त्याच तालुक्यातली, बौद्ध वस्तीतली. संस्थेत कामाला होते. काम काय, तर बायांशी त्यांच्या अंगाबद्दल बोलायचं. पाळी आणि बाळंतपणावर बोलायला दुसऱ्या बाया असतात. आम्ही सुखाबद्दल बोलायचो. नवऱ्याजवळ जाताना दुखत असेल तर ते सोसायचं नसतं. आवडतं ते सांगायचं. नको असेल तेव्हा नको म्हणायचं. आणि बाईच्या अंगात एक जागा अशी आहे, जी फक्त सुखासाठीच आहे. तिचं दुसरं काहीच काम नाही.

हे सगळं मला ताईंनीच शिकवलं. बीए होऊन घरी बसले होते, त्यांनी बोलावलं. जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानावर संस्थेचं ऑफिस. पहिल्याच दिवशी ताई 'सुख' हा शब्द एवढ्या खणखणीत आवाजात बोलल्या, की मी मान खाली घातली. म्हणाल्या, "वर बघ. लाजायचं काय त्यात?" तोवर मला सगळे खाली बघ असंच सांगत आले होते. शाळेत, मळ्यात, पाटलाच्या दारात. आमच्या घरात देवावर कुणी विश्वास ठेवत नाही. मी ताईंवर ठेवला.

बायांना दाखवायला कापडाचं अंग लागायचं. खालच्या दुकानातल्या चिंध्या आणून आईनं ते शिवलं, गोधडीच्या टाक्यानं. लाल, गुलाबी तुकडे, आणि त्या जागेवर एक मणी. आईनं विचारलं, "ह्यो मनी कशाला गं?" मी सांगितलं. आई बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाला बी कुनी सांगितलं न्हाई मंग." आम्ही दोघी पोट धरून हसलो. आईला इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पण असल्या बोलण्याला बाया जमवायच्या कशा? ताईंची युक्ती होती. आरोग्य म्हटलं तर आजारी बायाच येतात. लैंगिक म्हटलं तर काळं कुत्रं येत नाही. हळदीकुंकू म्हटलं की सासूच सुनेला नटवून पाठवते. म्हणून संक्रांतीच्या दिवसांत आम्ही गावोगाव हळदीकुंकू ठेवायचो. वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा द्यायचो आणि दार लावून बोलायला बसायचो.

आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात हळदीकुंकू नाही. विधवेला त्यात बोलावत नसतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण बोलावणं करत फिरताना जिभेला ते वळण नव्हतं. एका अंगणात सासू-सुनांना 'या' म्हणाले आणि मागं धुणं वाळत घालणाऱ्या बाईलाही म्हणाले, "वहिनी, तुम्ही पण या." तिचा हात दोरीवरच थांबला. पस्तिशीची असेल. कपाळ मोकळं. ती सरपंचांच्या घरातली. सरपंच बाई आहेत, कारभार त्यांचे मालक बघतात. ही त्या मालकांची विधवा भावजय. तिचं नाव मी इथंही लिहिणार नाही.

ती आली. कौसाबाईच्या घरी बसलो होतो, ती दारापाशी टेकली. सुरुवातीला मी नेहमीचा नियम सांगितला. इथलं बोलणं इथंच राहील, नाव बाहेर जाणार नाही. हा नियमही ताईंचाच. शपथ म्हणून सगळ्या बाया तीळगूळ तोंडात धरायच्या, तशा याही वेळी धरल्या. मग कापडाचं अंग उघडून दाखवलं. आधी खीखी, मग प्रश्न. कौसाबाई म्हणाली, "पाच लेकरं झाली मला, अन् मनी आज दिसून राह्यला."

सगळ्यांचं झाल्यावर दारापाशी आवाज आला. "मालक गेले तवापासून अंगाला कुनाचा हात न्हाई. आपला आपन लावला तं पाप हाय का?"

मी म्हणाले, "पाप नाही, वहिनी. अंग तुमचं आहे. सुखही तुमचंच." कौसाबाईनं तीळगुळाची ताटली तिच्याकडं सरकवली. "घे वैनी. तोंड गोड कर." निघताना तिलाही डबा दिला. तो तिनं पदराखाली झाकून नेला.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना सगळं सांगितलं. प्रत्येक बैठकीनंतर त्यांना सांगायचं, ही कामाची पद्धतच होती. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "हेच तर आपलं काम आहे," म्हणाल्या. कुठल्या घरातली बाई, नाव काय, विचारलं. मी सांगितलं. त्यांना नाही सांगायचं तर कुणाला?

बोलणं बाहेर फुटलंच. त्या दिवशी कुणीतरी म्हातारी खिडकीखाली शेंगा फोडत बसली होती. तिनं प्रश्न ऐकला, उत्तर ऐकलं. विचारणारी कोण ते तिला कळलं नाही. सरपंचबाईंच्या मालकांनी गाव गोळा केलं, मला बोलावलं, ताईंना फोन केला. मी पायरीखाली उभी होते तेव्हा ताईंची गाडी आली. खरं सांगते, मला हायसं वाटलं. ताई आल्या, म्हटलं आता बघा.

मालकांनी सुरुवात केली. "हळदीकुंकवाला बोलावून आमच्या बायांना काय शिकवून राह्यले तुमी? कोन्या बाईनं इचारलं ते? नाव पाह्यजे."

एक बाई बोलली नाही. कौसाबाई, जिची टकळी दिवसभर बंद होत नाही, ती खांबाला टेकून जमिनीकडं बघत होती. ती वहिनी तिच्या मागंच उभी होती. मालकांनी मला विचारलं. मी म्हणाले, "आठवत नाही."

"मंग तुमच्या संस्थेचं काम बंद. बिलकुल बंद. वर तक्रार करतो."

ताईंनी चहाचा घोट घेतला. आणि नाव सांगितलं. तिचं, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं, पूर्ण नाव. जसं हजेरीला घेतात तसं. त्यानंतर त्या माझ्याबद्दल ते 'ह्यांच्याकडं'चं वाक्य बोलल्या.

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांच्याच घरातली निघाली होती. खांबाआड कुणीतरी तिचा दंड धरला आणि तिला मागच्या मागं घेऊन गेलं. ती ओरडली नाही. जाताना तिनं ताईंकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं असणार, मीच विकलं. ते बघणं मी अजून सहन करतेय.

मालकांना आता राग काढायला माणूस हवा होता. मी होतेच. "नाक घास पायरीवर. म्हन, घान शिकवली, चुकलं."

मी ताईंकडं पाहिलं. ताई हळूच म्हणाल्या, "घास गं. एक मिनिटाचं काम आहे. एका नावावर बाकीच्या गावांचं काम वाचतंय. मी आहे ना."

मी आहे ना! ज्या बाईनं मला वर बघायला शिकवलं, ती मला पायरीला नाक लावायला सांगत होती, आणि आवाज तोच होता, मायेचा. त्या क्षणी मला कळलं की ताईंना सुख हवं होतं ते शिबिरात बोलायला. बाईच्या वाट्याला ते आलं की त्यांनी तिला सोडून दिलं. आणि मी त्यांना कधी माणूस वाटलेच नव्हते. गावात शिरायला लागणारी वाट होते मी.

मी पायरी चढले. आत गेले. कुणी 'ए, ए' ओरडलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी घाण शिकवली नाही. बाईच्या अंगात सुख आहे, ते तिचं आहे, हे सांगितलं. परत सांगेन. ताई, नाव तुम्ही सांगितलं. नाक तुम्ही घासा."

आणि उतरले. चपला कुणीतरी लाथाडून दिल्या होत्या. शोधल्या नाहीत. आष्टीच्या रस्त्यापर्यंत अनवाणी गेले, तिथून ऑटो मिळाला.

माझ्या नकारानं त्या वहिनीचं काही भलं झालं नाही. हे मला गोड करून सांगायचं नाही. दुसऱ्याच दिवशी भावाला बोलावून तिला माहेरी धाडलं. तिथं भावजयीचा पहारा आहे म्हणतात. फोन बंद आहे. मी दोनदा निरोप धाडला, उत्तर आलं नाही. तिनं माझ्याशी का बोलावं? कापडी अंग ताईंच्या कपाटात राहिलं. बाहेरचे पाहुणे आले की काढून दाखवतात, असं ऐकते.

आईनं दुसरं शिवून दिलं. मी आता आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात बसते. आपल्याच पुरुषांनी आधी तोंडं वाकडी केली, त्यांच्याशीही भांडले. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या बायाही येतात. हळदीकुंकवाचा आडोसा घेत नाही. बोलावतानाच सांगते, बाईच्या सुखाबद्दल बोलायचं आहे, यायचं तर या. काही दारातूनच परत फिरतात. फिरू देत. विधवा येतात, टाकलेल्या येतात, लग्न ठरलेल्या पोरी येतात, आणि पुढं बसतात.

कोण काय बोललं ते मी कुठल्याही ताईला, कुठल्याही साहेबाला सांगत नाही. परवा एकीचा सासरा दारात येऊन उभा राहिला. "आमच्या सुनंनं काय इचारलं?" मी म्हणाले, तिनं काही विचारलं नाही, मी विचारलं. मग माझं नाव सांगितलं, आडनावासकट, वस्तीसकट. पुढंही जो येईल त्याला हेच नाव मिळेल. दुसरं माझ्या तोंडून निघणार नाही.