चुंबक उलटा केला तेव्हा

पेढे वाटून झाल्यावर मी म्हटलं, ‘‘सर, एकदा चुंबक उलटा करून मोजते.’’

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माझं पीएच.डी.चं तिसरं वर्ष सरत आलं होतं. काचेवर धातूचा अगदी पातळ थर. त्यावर लेसरचा एक ठोका पडला, की थरातलं चुंबकत्व क्षणभर ढळतं. मागून येणारा दुसरा, हलका ठोका ते किती ढळलं ते बघून घेतो. सगळा खेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत उरकतो. मला त्याचा आलेख मिळाला होता, झटकन खाली जाऊन सावकाश वर येणारा. सरांनी लगेच विभागभर पेढे वाटले. आमच्याकडे आधी तोंड गोड, मग शंका. मला या घाईची चीड यायची.

सर वैजापूरकडचे, माझे मार्गदर्शक. म्हणाले, ‘‘आता कशाला खाजवून खरूज काढायलीस?’’

कारण साधं होतं. चुंबक उलटा केला की आलेखही उलटा व्हायला हवा. नाही झाला, तर आम्ही चुंबकत्व मोजलंच नव्हतं, नुसती तापलेल्या धातूची बदलती चमक मोजली होती. म्हणजे माझा प्रबंध गेला.

मी विद्युतचुंबकाच्या वायरींची अदलाबदल केली. पडद्यावर एकेक ठिपका यायला लागला. पहिले काही सपाट. मग खाली. मला ते वर जायला हवे होते.

‘‘वायरी नीट बघ,’’ सर म्हणाले. मी होकायंत्र जवळ धरलं. सुई उलटी फिरली, म्हणजे वायरी बरोबर होत्या.

‘‘मग करंट वाढव.’’

वाढवला. ठिपके पुन्हा त्याच वाटेनं उतरले.

दारातून कुणीतरी डोकावून ‘अभिनंदन हं’ म्हणून गेलं. सरांनी मान वर केली नाही.

‘‘फाइल सेव्ह केलीस?’’

‘‘अजून नाही, सर.’’

माझं बोट माउसवर होतं. ‘राहू दे’ म्हणाले असते, तर मी निमूट ऐकलं असतं. खरं सांगते, ते तसं म्हणावेत असंच मला वाटत होतं.

‘‘कर,’’ सर म्हणाले. ‘‘अन् तो पहिला आलेख काढून टाक प्रबंधातून. विभागात मी सांगतो, आपलं चुकलं म्हणून. तू नको बोलूस.’’

मी फाइल सेव्ह केली. मग तिथंच, लेसर चालू असताना, मला रडू कोसळलं. सर उठले नाहीत. मी थांबेपर्यंत शेजारी बसून राहिले.