चकतीभोवतीचं खळं

प्रयोगशाळेत तिला सगळे चांदोबाई म्हणत. जंतूंच्या ताटलीत औषधाची चकती ठेवली आणि औषध लागू पडलं, तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल उरतो. पुस्तकात त्याला भलंमोठं नाव आहे. ही म्हणायची, "खळं पडलं." चंद्राला पडतं तसं. उबवणीपेटीच्या उबेला टेकून ती ताटल्या उजेडाकडे धरायची आणि अशी हरवायची, की हाका मारणाऱ्याचा घसा सुकावा.

या खेपेला ताटलीत तिच्या आईच्याच पायाच्या जखमेतले जंतू होते. नेहमीची औषधं त्यांनी केव्हाच पचवली होती. एकच औषध उरलं होतं, तेही इस्पितळात राहून शिरेतून घ्यायचं. पण घरात आई म्हणेल ती पूर्व दिशा, आणि आई इस्पितळाचं नाव काढू देईना.

"दारातल्या झाडाच्या पाल्यानं तुमचे सगळ्यांचे गुडघे बरे केले मी," आई म्हणाली. "घाल तुझ्या ताटलीत. खळं नाही पडलं, तर मुकाट्यानं येईन."

लेकीने पाला वाळवला, स्पिरिटमध्ये अर्क काढला, त्यात चकत्या बुडवल्या. पडताळ्याला एक चकती नुसत्या स्पिरिटची.

सकाळी पेटी उघडली, तर पाल्याच्या चकतीला खळं! लेक आनंदाने तरंगायलाच लागली. लहानपणचं अंगण, फुटलेला गुडघा, त्यावर आईचा पाल्याने हिरवा झालेला अंगठा. किती वेळ गेला कोण जाणे. मग नजर पडताळ्याच्या चकतीवर गेली. तिलाही तेवढंच खळं होतं.

घाईत तिने चकत्या ओल्याच ठेवल्या होत्या. जंतू मारले ते स्पिरिटने. पेटी लावून टाकावी, हे पाहिलंच नाही म्हणावं, असं तिला फार वाटलं. तरी तिने नव्या चकत्या केल्या, नीट सुकवल्या आणि पुन्हा ठेवल्या. या वेळी जंतू पाल्याच्या चकतीला अगदी खेटून उगवले.

आई पाय स्टुलावर ठेवून वाटच पाहत होती.

"पडलं?"

"नाही पडलं गं."

"एवढंसंही नाही?"

लेकीने मान हलवली. तिला रडू येत होतं. आईने दारातल्या झाडाकडे पाहिलं.

"मग तुमचे गुडघे कशानं बरे झाले?"

"तू फुंकर घालायचीस ना, त्यानं."

"मग आता तू घाल," आई म्हणाली आणि तिने पाय पुढे केला.

लेकीने पट्टीवरूनच हळूच फुंकर घातली आणि ती आईची पिशवी भरायला उठली.