अस्तराची कच्ची शिलाई

हिरव्याकंच साडीला माझ्या मुलीने गडद निळा फॉल लावला आणि एक बाई ती साडी नेसून भर लग्नात मिरवून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या पिको-फॉलच्या गाळ्यात हजर. गाळा चार पावलांचा, बाईंचा आवाज मैदानाएवढा.

"काय ओ वहिनी, पोरीला डोळं हायत का न्हाईत? जावा हसल्या की मला!"

मी असल्या प्रसंगांची भुकेलेलीच असते. कपाळावर हात मारून घेतला, पोरीवर डोळे वटारले, बाईंना स्टुलावर बसवून चहा पाजला आणि शेवटी हसवूनच पाठवलं. मग मुलीकडे वळले. ती निळ्या आणि हिरव्या फॉलची पाकिटं दोन हातांत धरून उभी होती.

"आई, मी नीट बघितलो. सारखीच हायत की ही."

तिथे माझं नाटक संपलं. मुलगी सोळा वर्षांची. तिला कपड्यांचं डिझाइन शिकायचं होतं आणि त्याच्या परीक्षेसाठी घरातल्या प्रत्येक कॅलेंडरच्या पाठीवर घागरे काढून झाले होते.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई कुरुंदवाडकडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांच्याकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. मुलीला चार ओळी वाचता आल्या, पाचवी नाही. नाना भिंगं लावून पाहिली, पाचवी काही येईना. मग बाईंनी बॅटरी घेऊन डोळ्याच्या आत पाहिलं आणि पाहतच राहिल्या. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस फिकट पडली होती. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा जन्मजात दोष असू शकतो, रक्त तपासायला लागेल म्हणाल्या, आणि आलाच आहात तर आई-वडील दोघांचेही डोळे बघू.

आमचे हे कागलच्या एमआयडीसीतून पाळी संपवून तसेच आलेले. त्यांनी तक्त्याची शेवटची ओळ तर वाचलीच, शिवाय खाली बारीक अक्षरांतला छापखान्याचा पत्ताही वाचून दाखवला. त्यांच्यानंतर मी. पदर सावरला, ताठ बसले आणि वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं घडाघडा म्हटली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, आई-वडील दोघांची नजर उत्तम.

आता इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. तक्ता मी आयुष्यात कधी वाचलेलाच नाही. शाळेत डोळे तपासायला माणसं यायची तेव्हा रांगेत माझ्यापुढची मुलगी काय म्हणते ते ऐकायचं आणि आपला नंबर आला की जरा वेगळ्या चालीत तेच म्हणायचं. चष्मा लागला की लग्नाचं अवघड होतं, असं आमच्या घरात मानायचे. पुढे सवयच झाली. त्या दिवशीसुद्धा नवऱ्याच्या मागे बसून सगळी अक्षरं पाठ केली, ती लबाडी म्हणून नाही, हात जोडून नमस्कार करावा इतक्या सहज.

आणि दुकान? फॉलच्या पाकिटावर आणि दोऱ्याच्या रिळावर रंगाचा नंबर असतो, तो मी नाकाशी धरून वाचते. साडीचा रंग मात्र कधी सांगत नाही, गिऱ्हाइकाच्याच तोंडून वदवून घेते. "अगंबाई, ह्यो रंग कुठला म्हणायचा?" म्हटलं की बाया खुशीत येतात. "मोरपंखी ओ!" झालं, मोरपंखीचा नंबर मला पाठ. हे माझं विक्रीचं कसब आहे, असं मी वीस वर्षं समजत होते.

रक्ताच्या रिपोर्टला बरेच आठवडे लागले. त्या दिवसांत मी मुलीच्या मागे चोरासारखी होते. स्टँडवर उभ्या उभ्या सहज विचारायचं, "ती गाडी जयसिंगपूरची का गं?" ती म्हणायची, "आली जवळ की सांगतो." तिलाही कळायचं. मी आत गेले की ती कॅलेंडरपुढे उभी राहून एक डोळा झाकायची, मग दुसरा. तिने घागरे काढायचे थांबवले. कॅलेंडरची पानं कोरीच उलटू लागली.

एकदा जेवताना ती म्हणाली, "मायटोकॉन्ड्रियाचा आजार असला तर तो आईकडूनच येतो. मोबाईलवर वाचलो मी." मी भाकरीचं निमित्त करून उठले. यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं, "हिची नजर उत्तम हाय. डॉक्टरनं लिहून दिलंय."

रिपोर्ट आला, तेव्हा आम्ही तिघंही गेलो. दोष होता. डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर चित्र काढून सांगितलं.

"पेशीला ताकद पुरवणारे हे मायटोकॉन्ड्रिया. पुस्तकात शेंगदाण्यासारखे सुटे सुटे दाखवतात, पण ते तसे गप्प नसतात. दोन एकमेकांना चिकटून एक होतात, एकाचे पुन्हा दोन होतात. आमच्याकडं पैरा करतात, ठाऊक हाय न्हवं? माझ्याकडं एक बैल, तुमच्याकडं एक. दोघं मिळून औत धरायचं."

"आणि काम झालं की आपापला बैल घरी," मी म्हटलं.

"व्हय, सुटणंही लागतंच. जो भाग पार बिघडला तो वेगळा काढून पेशी मोडीत घालते. पण थोडं थोडं कमी असलेले दोघं जुळले, की एकाचं उणं दुसरा भरून काढतो. त्यांना आवरणं असतात दोन. हिचं बाहेरचं जुळतंय. आतलं जुळवणारं प्रथिन निम्मंच तयार होतंय."

"म्हणजे कापड शिवलं, पण अस्तराची शिलाई कच्ची?"

डॉक्टर हसल्या. "अगदी. डोळ्याच्या नसेला ताकद फार लागते, म्हणून पहिलं तिथं जाणवतं. आणि मोबाईलवरचं मनातून काढा. ही जनुकं पेशीच्या केंद्रातली, आईकडून येतील न्हाईतर वडलांकडून."

मुलीने एकच विचारलं. "अजून किती जाणार?"

"बहुतेक हळूहळू उतरतं, काहींचं थांबूनही राहतं. घरात मोठ्या वयाचं असं कुणी असतं तर थोडा अंदाज आला असता. पण तुझ्या आई-वडलांची नजर चांगली, म्हणजे हा दोष तुझ्यापासूनच सुरू झाला असावा. तरी दोघांचं रक्त पाठवूया."

रक्तानं ते कळलंच असतं. पण पुन्हा तितके आठवडे. मुलगी मान खाली घालून ओढणीचा काठ बोटांनी चाचपत होती, जसा मी चाचपते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "माझा तक्ता परत घ्या."

"का?"

"मी कॉपी केली."

हे खुर्चीतून अर्धे उठले. डॉक्टरांनी तक्ता उलटा केला. मागे दुसरीच अक्षरं होती. मला वाटलं, आता फजितीचा एक छानसा प्रवेश करावा, सगळ्यांना हसवावं. पण मी फक्त तक्त्याकडे पाहिलं. पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरी सावकाश. चौथीत मी दोनदा अडखळले. पाचवीला ओठ सवयीने हलायला लागले, यांच्या मागे बसून पाठ केलेली अक्षरं आपोआप जिभेवर आली. ती मी गिळली.

"दिसत न्हाय," मी म्हटलं.

मग मुलगी म्हणाली, "चौथी. माझ्यागतच."

"रक्त तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार न्हाय," डॉक्टर म्हणाल्या, "आणि एकाच घरात दोघांचं वेगवेगळंही असतं. पण तुम्ही या नजरेवर दुकान चालवताय, ही चांगली खूण हाय." मग पेन उचलून विचारलं, "सोळाव्या वर्षी किती ओळी यायच्या तुम्हाला?"

मुलगी पुढे वाकली. म्हणजे आईचं तीस वर्षांत किती उतरलं, ते आता कळणार होतं.

"सगळ्या," मी म्हटलं. माझ्या नावावर तेवढंच लिहिलेलं होतं, शाळेपासून; खरं किती दिसायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मुलीला आधी राग आला, तो मला चार ओळींच्या नजरेनेही स्पष्ट दिसला. जिन्यात ती माझ्यापुढे दोन पायऱ्या राहिली. खाली रस्त्यावर आल्यावर थांबली आणि म्हणाली, "पुढच्या टायमाला तू आधी बसायचं. आणि मी बसलो की तू बाहेर. तुझं ओठ हलत्यात."

दुकान उघडल्यावर तिने मोरपंखीचं रीळ उचललं आणि नाकाशी धरलं.

"नंबर कुठं असतोय गं?"