आत्ताची पट्टी

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी दोन चाळीसला माझी आई उमापूरच्या घरी, पंगती चालू असताना, कोसळली. तिला हृदयविकाराचा झटका आला होता. सकाळीच एका डॉक्टरांना तशी शंका आली होती, आणि हे अंगणातल्या दोनच माणसांना माहीत होतं : तिला स्वतःला आणि माझ्या थोरल्या भावाला.

मी बीडला एका दैनिकात काम करतो. भाऊ गावी शेरडं-मेंढरं आणि शेती पाहतो. त्या दिवशी त्याच्या मुलाचं जावळ होतं. भावकीतल्या सुतकांमुळे ते आधी दोनदा पुढे ढकललं गेलं होतं.

सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांनी भावाचा फोन आला. आईच्या पोटात वरच्या बाजूला पहाटेपासून दुखत होतं, जबडा जड पडला होता, एकदा उलटी झाली होती. म्हणून तो तिला गेवराईला घेऊन गेला होता.

"पट्टी काढली बारक्या," तो म्हणाला. आमच्याकडे ईसीजीला पट्टी म्हणतात. "नॉर्मल हाय."

"मग दुखतंय कशानं?"

"पित्त असंल. रात्री शेंगदान्याची चटणी लई खाल्ली तिनं. नेऊ का घरी?"

"नॉर्मल आहे ना? मग ने."

मागून आईचा आवाज आला, "त्याला म्हनाव, मला काय धाड भरलीय? गुमान जावळाला ये."

दुसऱ्याच्या तोंडून आलेलं वाक्य मूळ माणसाला विचारल्याशिवाय मी बातमीत घेत नाही. त्या दिवशी मी गेवराईच्या डॉक्टरांना फोन केला नाही.

साडेबाराला पोचलो. बाळ मामाच्या मांडीवर रडत होतं, न्हाव्याचा वस्तरा चालला होता, आत्या पदर पसरून केस झेलत होती. आई खांबाला टेकून बसली होती. कपाळावर घाम होता, पदरानं पुसला की परत येत होता.

"कावून बघतो असा?" ती म्हणाली.

"घाम कशाचा एवढा?"

"मांडवाखाली चूल पेटलीय, घाम न्हाई तर काय हुडहुडी भरंल?"

भावाच्या सोयऱ्यांपैकी एकानं मला हाक मारली, "काय पत्रकार, आमच्या जावळाची बातमी कितव्या पानावर?"

"मटण खाऊन ठरवू," मी म्हणालो. लोक हसले. भाऊ हसला नाही. तो आईकडे बघत होता. ती बघते आहे असं दिसताच त्यानं वाढप्याला आवाज दिला.

आईनं जेवायला नको म्हटलं. कुणीतरी सोडा आणून दिला, कुणी ओवा. पाहुण्यांना टोप्या-टॉवेल द्यायला म्हणून ती उठली आणि तिथंच कोसळली.

तिला गाडीत घालून गावाबाहेर पडल्यावर मी म्हणालो, आधी गेवराईला सकाळच्याच डॉक्टरांकडे थांबू. भाऊ म्हणाला, "तिथं नको. सरळ बीड." मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं.

बीडला दवाखान्यात शिरल्यावर पाचेक मिनिटांत पट्टी निघाली. हृदयाच्या खालच्या भागाची नस बंद होती. डॉक्टरांनी ॲस्पिरिन चावून खायला दिली, रक्त घेतलं, पण रिपोर्टसाठी न थांबता गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सुरू केलं. मग विचारलं, "आधी कुठं पट्टी काढली होती?"

"सकाळी. नॉर्मल होती," मी म्हणालो.

भावानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि उलटा केला. मागे पेनानं लिहिलं होतं : अर्ध्या तासाने पुन्हा. रक्ततपासणी. घरी सोडू नये.

"पहिली पट्टी नॉर्मल येऊ शकते," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच पेशंटला बसवून ठेवायचं आणि परत काढायची. हे दुखणं छातीतच होतं असं नाही, बायकांत तर पुष्कळदा नसतं." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. छापलेली वेळ नऊ बावन्नची होती.

बाहेर व्हरांड्यात मी भावाला विचारलं, "गेवराईचे डॉक्टर काय म्हणाले होते? शब्द न् शब्द सांग."

"आत्ताची पट्टी नॉर्मल हाय, म्हनले."

"तू मला 'आत्ताची' म्हणाला नाहीस."

"म्हनलो असतो तर जावळ हू दिलं असतं का तू?" मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मायनंच सांगितलं, बारक्याला बोलू नको म्हनून. तिला इचार."

तिसऱ्या दिवशी तिला विचारलं. तोवर संभाजीनगरला तिची अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला होता.

"सांगितलं असतं तर तू मला समद्यांदेखत उचलून नेलं असतं," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा मोडलं असतं जावळ."

"आई, जीव गेला असता."

"गेला का? लेकराचं जावळ तर उतरलं." आणि कूस बदलली.

पुढच्या आठवड्यात, आई अजून दवाखान्यातच असताना, मी गेवराईला गेलो. डॉक्टरांनी रजिस्टर काढलं. ते म्हणाले, "मी सोडायलाच तयार नव्हतो. तुमचे बंधू म्हणाले, माझा भाऊ पेपरात आहे, त्याला विचारतो. मी म्हटलं विचारा, पत्रकार आहेत, त्यांना कळेल. बाहेर बाकावर आई बसल्या होत्या, तिथं जाऊन बोलून आले आणि म्हणाले, तो म्हणतोय घेऊन या."

नोंद त्यांच्या अक्षरात होती : 'पत्रकार मुलाशी फोनवर बोलणे झाले. त्यांच्या सांगण्यावरून, स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत.' खाली भावाची सही आणि आईचा अंगठा होता.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सोनोग्राफीसारख्या तपासणीचा पडदा मला दाखवला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा एक तुकडा हलत नव्हता. सकाळीच उपचार झाले असते तर वाचला असता का, या प्रश्नावर ते म्हणाले, "बराचसा."

मी बीडच्या घरी तळमजल्यावरची खोली रिकामी करून ठेवली होती. तिथून दवाखाना दहा मिनिटांवर आहे. हे आईला दोनदा सांगितलं होतं.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी अकराला भाऊ जीप घेऊन आला. गोळ्यांची पिशवी आईनं त्याच्याकडे दिली. ती पुढच्या सीटवर बसली आणि जीप उमापूरला गेली.